भाव : मोटारीचा आणि मनाचा

मराठीतील ‘भाव’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. बाजारात तो धान्याचा असतो, देवळात तो भक्ताचा असतो आणि घरात तो माणसामाणसांमधला असतो. एरवी हे तिन्ही भाव आपापल्या जागी सुखाने नांदतात. परंतु घरातील एखादी जुनी वस्तू विकावयास काढली, की ते एकमेकांच्या अंगणात शिरतात आणि मग कुटुंबात बोलाचाली सुरू होते. वस्तू धड असेल तर हा तंटा लवकर मिटतो. ती अर्धी दुरुस्त होऊन पडलेली असेल तर मात्र मिटता मिटत नाही. कारण झालेला अर्धा भाग विकणाऱ्यास दिसतो आणि राहिलेला अर्धा भाग घेणाऱ्यास दिसतो.

अशा वस्तूंपैकी सर्वांत अवघड वस्तू म्हणजे अर्धवट जीर्णोद्धार झालेली जुनी मोटार. माळव्यातील आपल्या कित्येक वाड्यांच्या मागल्या पडवीत ताडपत्रीखाली अशी एखादी मोटार निजलेली असते. तिची किंमत कशी ठरवावी आणि ती कोणास द्यावी, ह्याचा विचार या महिन्यात वाचकांसमवेत करावा असे आम्ही योजले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या मोटारी कोट्यवधींना विकल्या गेल्याच्या वार्ता आपण वाचतो आणि पडवीतल्या मोटारीकडे आशेने पाहू लागतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटार घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून खास बॉडी चढवून घेतली होती. तशा मोटारीचे मोल तिच्या दुर्मीळपणात, कारागिरीत आणि मालकाच्या नावात असते. २०२३ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा जो मोठा मेळा भरला, त्यातही मान होता तो अशाच, तडीस गेलेल्या कामाला. आपली मोटार त्या पंक्तीतली नसते. ती बहुधा फियाट, मॉरिस, ऑस्टिन किंवा अँबॅसडर असते. तिच्यावर जीव जडतो तो ती राजाची होती म्हणून नव्हे, तर आपल्या वडिलांची होती म्हणून.

‘व्हिंटेज’ हा शब्दही जपून वापरावा. इंग्लंडमधील जाणकारांच्या रूढ व्याख्येप्रमाणे १९१९ ते १९३० या काळातील मोटारीच तेवढ्या व्हिंटेज. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी या सदरात येते. अट एवढीच, की ती मूळ स्वरूपात असावी. तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. एके काळी पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेकांनी फियाट व अँबॅसडरमध्ये डिझेल इंजिने बसविली. व्यवहारास ते सोयीचे होते. परंतु अशा मोटारीला आज ‘मूळ स्वरूपातील’ म्हणून भाव मागता येत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमचे एक स्नेही विद्युत मंडळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९५६ सालची फियाट ११०० घेतली. मुंबईकर जिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तीच ही. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि मागच्या अंगाला बिजागऱ्या असलेली पुढची दारे. आठ वर्षे ते तिच्यापाशी रमले. इंजिन उघडून पुन्हा बांधले, ब्रेक नवे केले, तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला आणि सर्वांगावर प्रायमरचा करडा हात दिला. रंग, क्रोम, वायरिंग, गाद्या आणि काचांची रबरे राहिली; आणि हे सारे राहिलेले असतानाच ते गेले.

वर्षश्राद्धानंतर कुटुंबाने आम्हांस सल्ल्यासाठी बोलाविले. कन्या म्हणाली, “काका, बाबांनी वहीत पै न् पै लिहून ठेवली आहे. मूळ खरेदी धरून तीन लाख चाळीस हजार. त्याच्या खाली आम्ही उतरणार नाही.” चिरंजीव म्हणाले, “काका, मला पुण्याहून सारखं येणं जमत नाही. एक जण साठ हजार द्यायला तयार आहे. देऊन मोकळं होऊ.” वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, विकायची तर आहेच. पण आठ वर्षं ह्यांचा जीव त्या गाडीत होता. ती भंगाराच्या भावानं गेली तर मला सोसायचं नाही.”

वाचकहो, तिघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि तरीही एकाच्याही बोलण्यात मोटारीची किंमत नव्हती. वहीतला आकडा हा झालेल्या खर्चाचा आकडा होता. साठ हजार हा घेणाऱ्याच्या सोयीचा आकडा होता. आणि वहिनींच्या शब्दांतला भाव तर रुपयांत मोजण्याचा नव्हताच.

आमचे आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. विद्यार्थ्याने किती रात्री जागून अभ्यास केला, यावर गुण देता येत नाहीत. कागदावर जे उतरले त्यावरच द्यावे लागतात. घेणारा गृहस्थही असाच परीक्षक असतो. तो झालेल्या खर्चाकडे पाहत नाही. मोटार पूर्ण झाल्यावर तिला काय भाव येईल आणि तिथवर पोहोचण्यास आपणास काय वेचावे लागेल, एवढेच तो पाहतो. म्हणून हिशेब मागून पुढे न करता पुढून मागे करावा लागतो.

तसा तो आम्ही केला. त्याच जातीची, पूर्ण सजलेली व चालती मोटार ज्यांनी नुकतीच घेतली वा विकली होती, अशा तिघांना विचारले. मागितलेल्या किमती सोडून दिल्या आणि प्रत्यक्ष हातात पडलेल्या तेवढ्या धरल्या. त्यांवरून पाच लाखांचा अंदाज निघाला. मग राहिलेल्या कामांचे दर कारागिरांकडून लेखी घेतले. पत्र्याची अखेरची सफाई व रंग ८०,०००. क्रोमचा मुलामा ३५,०००. वायरिंग व दिवे २५,०००. गाद्या व छताचे कापड ४०,०००. काचांची रबरे व किरकोळ ३०,०००. एकूण २,१०,००० रुपये. जुन्या मोटारीत एक खिळा काढताना दुसरा तुटतो, म्हणून अनपेक्षित खर्चासाठी चौथा हिस्सा, म्हणजे ५२,५०० रुपये, वर धरले. पाच लाखांतून हे २,६२,५०० वजा जाता २,३७,५०० उरले. घेणाऱ्याचे हेलपाटे, त्याचा जाणारा काळ आणि तो पत्करीत असलेला धोका यांचे ४०,००० आणखी वजा केले. बाकी राहिले १,९७,५००. तेव्हा मागावयाचे २,२०,००० आणि १,८०,००० च्या खाली उतरावयाचे नाही, असे ठरले. हे आकडे त्या एका मोटारीचे व त्या वेळचे आहेत. वाचकांनी आकडे उचलू नयेत, रीत उचलावी.

त्यानंतर चिरंजिवांनी सुचविले, की वरवर रंगाचा एक हात मारून घ्यावा, म्हणजे गाडी डोळ्यांत भरेल. आम्ही त्यास निक्षून नकार दिला. एक तर ते सरळ नव्हे. आणि दुसरे म्हणजे ते फायद्याचेही नव्हे. या फियाटला ट्रकप्रमाणे निराळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा व दारांखालचा पत्रा निरोगी आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. प्रायमरमध्ये असलेला पत्रा घेणाऱ्यास वाचता येतो. ताजा रंग पाहिला की जाणता माणूस खिशातून लोहचुंबक काढतो आणि तो कोठे चिकटत नाही, म्हणजे आत पुट्टीचा थर कोठे आहे, हे शोधू लागतो. एकदा संशय शिरला, की मग खरे सांगितलेलेही त्याला खोटे वाटते.

खर्च करावयाचाच तर तो इंजिनाचा आवाज ऐकू यावा म्हणून करावा. बंद इंजिन आतून कितीही उत्तम बांधलेले असले तरी घेणारा ते बिघडलेलेच धरून चालतो. आम्ही नवी बॅटरी घेतली, पेट्रोलची टाकी व नळी साफ करविली आणि कार्बोरेटर धुऊन घेतला. सुटे भाग डब्यांत भरून प्रत्येकावर चिठ्ठी लावली. कारण फियाटचा एक दिवा वा दाराची मूठ शोधण्यात घेणाऱ्याचे महिने जातात, आणि डब्यात ती आहे असे दिसले की त्याच्या मनातला धोका तेवढा कमी होतो. कामाची छायाचित्रे सालवार लावली. उजव्या दाराखाली एके ठिकाणी पुट्टी होती, तेही एका कागदावर प्रथम लिहिले.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे खरे, परंतु तिथेच अनेक व्यवहार बुडतात. मोटार मृताच्या नावावर असेल तर ती थेट विकता येत नाही. वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत ३१ क्रमांकाचा अर्ज करून ती आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. सुदैवाने चिरंजिवांनी हे वेळेवर उरकून मोटार वहिनींच्या नावावर करून घेतली होती. पुढील विक्रीसाठी २९ व ३० क्रमांकांचे अर्ज लागतात, आणि मोटार परराज्यात जाणार असेल तर २८ क्रमांकाच्या अर्जावर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. चासीवरील व इंजिनावरील आकडे नोंदणीपुस्तकातील आकड्यांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत.

घेणाऱ्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी केल्यास ती दहा वर्षे चालते. नव्या नोंदणीस २०,००० व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे, आणि आधी नोंदलेल्या मोटारीला जुना क्रमांक राखता येतो. परंतु अशी मोटार प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कचेरीस नेण्यासाठी ज्याला ती हवी आहे, त्याने हे आधी जाणून घेतलेले बरे.

गिऱ्हाईक मिळाले ते जुन्या मिस्त्रींच्या ओळखीतून. देवासच्या एका कारखान्यात काम करणारे हे तरुण गृहस्थ तीन वेळा आले, लोहचुंबक घेऊनच आले, आणि पुट्टीची जागा आम्ही लिहून ठेवली होती तेथेच सापडली तेव्हा हसले. वायरिंग त्यांचे त्यांना येत होते. यात एक मर्म आहे. राहिलेले काम ज्याला स्वतःच्या हातांनी करता येते, त्याला ते काम स्वस्त पडते; म्हणून मोटारीसाठी इतरांहून अधिक देणे त्यालाच परवडते. दलालाला प्रत्येक कामाची मजुरी मोजावी लागते आणि वर नफाही काढावा लागतो. तो कमी देतो यात त्याचा दोष नाही. सौदा १,९५,००० रुपयांना झाला. खर्चाची वही मात्र त्यांनी आवर्जून मागून घेतली; कोणता भाग कोठून आणला, हे तीत लिहिलेले होते.

तरीही कन्येचा प्रश्न उरलाच. “काका, मग एक लाख पंचेचाळीस हजार बुडालेच ना?” आम्ही तिला आठ वर्षांचे महिने मोजावयास सांगितले. शहाण्णव महिने, म्हणजे महिन्याला सुमारे दीड हजार रुपये. निवृत्तीनंतरची रिकामी वर्षे एक माणूस रोज सकाळी कामाला जावे तशा उत्साहाने पडवीत जात होता, आणि त्याचा हा खर्च. वहिनी म्हणाल्या, “तेवढ्यात ते आनंदात राहिले असतील, तर स्वस्तच पडलं म्हणायचं.” कन्येने मान हलविली. चिरंजीव त्या साठ हजारांचा विषय पुन्हा काढीतना झाले.

ज्यांच्या पडवीत आज काम चालू आहे, अशा वाचकांना आमची एक विनंती आहे. खर्चाची वही ठेवाच. परंतु तिच्या शेवटच्या पानावर दरवर्षी दोन ओळी लिहा : काय राहिले आहे, आणि आज ही वस्तू आहे तशी विकली तर तिला काय यावे. कागद कोठल्या कपाटात आहेत, तेही लिहा. बाजारातला भाव तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवला, की तुमच्यामागे मुलांना तो आपसांत भांडून ठरवावा लागत नाही. मनातला भाव मग ज्याचा त्याला निवांत जपता येतो.