ऐकीव नव्हे, पाहिलेलं
या आठवड्यात दोन जुनी पुस्तकं पाठोपाठ वाचली आणि अजून त्यांच्यातच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे दक्षिणा मिळेल या आशेनं 1857 साली उत्तरेकडे निघाले नि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊनच घरी परतले. काय जिद्दीचा माणूस! चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिलं. ते छापून आलं 1907 मध्ये. दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, 1895 मध्ये तिचे पती टिळक ख्रिस्ती झाले तेव्हाचा स्वतःचा आकांत सांगते आणि थोडं पुढे जाताच आपल्याला खदखदून हसवते. हल्लीची बरीच आत्मचरित्रं स्वतःची बाजू मांडण्यातच दमतात. हे दोघं घडलं ते सांगतात, म्हणून मराठी गद्याचे खरे शिक्षक हेच. घरात शाळकरी मुलं असतील तर रोज चार पानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. सुरुवात झाशीपासून करा.