ह्या अभंगात मी कुठे आहे?



आषाढी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. एरवी बोंडअळीचे नाहीतर घरातल्या कुरबुरीचे विचारणारी मंडळी या दिवसांत विठोबावर चार ओळी लिहून पाठवतात. अक्षर वळणदार, समासात फुलांची नक्षी, आणि शेवटी एक वाक्य ठरलेले : "काही चुकले असल्यास कळवावे." खरे सांगू? बहुतेकांत चुकलेले काही नसते, आणि तीच अडचण असते. संसार असार, देह नाशिवंत, नामात गोडी. सारे बरोबर. पण लिहिणारा कोरडवाहू की बागायतदार, त्याच्या घरी नुकता पाळणा हलला की नुकतीच आई गेली, याचा त्यात मागमूस नसतो.

मी कुणाला नावे ठेवत नाही. माझ्यावरूनच सांगतो.

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. मधला बांध कुणी कोरला, यावरून बोलणे तुटले. मी दोरी लावून पाहिली. फरक निघाला एका वितीचा. त्या वितीसाठी तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नाही. आणि गंमत पाहा, त्याच तीन वर्षांत मी रोज दिवेलागणीला वही घेऊन अभंग लिहीत होतो! त्यातला एक आईला मोठ्या हौसेने वाचून दाखवला :

सोडा अहंकार । धरा संतसंग ।
भजा पांडुरंग । रात्रंदिन ॥

आईला अक्षरओळख नव्हती, पण उभा जन्म जात्यावर ओव्या म्हणण्यात गेलेला. ऐकून म्हणाली, "चालीत बसतंय. पर ह्यात तू कुठं हाईस?" मी गप्प. भाकरी थापता थापता तिनेच पुढे विचारले, "धाकल्याची बायकू तापानं पडलीया. आज त्येंची चूल पेटली का, ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हते. दोन घरांत एक भिंत, तरी ठाऊक नव्हते.

त्या रात्री वहीत मी अभंग लिहिला नाही. आईचा प्रश्न तेवढा वर लिहिला आणि खाली आपल्या रोजच्या बोलीत एक ओळ उत्तर लिहिले : "बांध दोरी लावून मोजला, पण एका वितीपायी भाऊ गेला." अभंग त्यातून निघाला. कसा, तेच आज सांगायचे आहे. कारण अनेकांना वाटते, हे वरून सुचावे लागते. काही वेळा तसे सुचतही असेल. आपल्यासारख्याने मात्र प्रश्नापासून सुरुवात करावी.

अभंगाचे माप सोपे आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण : पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. जोडाक्षर एकच धरायचे. बोटांवर मोजावे. माझ्या वाक्यातले "दोरी लावून" मोजले तर पाच अक्षरे भरली. एक कमी. "लावूनिया" केले, सहा झाली. आता "या"शी जुळणारा शब्द हवा, म्हणून "भाऊ गेला" हे सोडावे लागले. दोन दिवस नांगरामागे चालताना शोधत होतो. मग "वाया" आला आणि त्याच्यासोबत मला नको असलेले सत्यही आले. कारण भाऊ कुठे गेला नव्हता, भिंतीपलीकडेच होता. वाया गेले होते ते भाऊपण.

बांध मी मोजिला । दोरी लावूनिया ।
भाऊपण वाया । वितीपायी ॥
आता विठोबाला । सांगू कोण्या तोंडी ।
माझी मीच कोंडी । केली आहे ॥

मोठे काव्य नव्हे हे. पण माझे आहे. एकादशीच्या भजनात आईने तो मला म्हणायला लावला. पखवाजावर भाऊ होता. "वितीपायी"ला त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुढची थाप पडली. त्या रात्री आम्ही बोललो नाही. दोन दिवसांनी त्याचा पोरगा दारात येऊन, "तात्या, लाईट आलीया, मोटर लावा," एवढे सांगून पळाला. बांध आजही आहे तिथेच आहे.

आपल्या संतांनी तरी दुसरे काय केले? अरणच्या सावता माळ्याने मळा सोडला नाही. तेरचे गोरोबा चिखल तुडवीत राहिले, जनाबाईचे दळणकांडण सुटले नाही. ज्याच्या हाती जे काम, त्याच कामाचे शब्द त्याच्या अभंगात आले. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी तर नवऱ्याचा मार, वासराची माया, तुकोबांची ओढ हे सारे स्वतःच्याच अभंगांत मांडले. (जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या बरे का! दोघींची गल्लत फार होते.) या दुसऱ्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. चूल, शेत, मोट यांच्याशी बोलता बोलता त्यांची गाणी होत गेली. घरच्यांनी ती उतरवून ठेवली म्हणून टिकली. त्या गेल्या 1951 साली, आणि पुस्तक निघाले 1952 साली. तेव्हा घरात कुणी म्हातारी गुणगुणत असेल तर तिला हसू नका. नातवाला सांगा, मोबाईलवर आवाज टिपून घे.

जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट अशीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या रचणाऱ्या बायांना कवयित्री कुणीच म्हटले नव्हते. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, तसा पहाटेचा तो एकांतही गेला. मग आता कधी म्हणायचे? धार काढताना म्हणा, खुरपताना म्हणा. हात कामात गुंतला की मन मोकळे होते, हा आपल्या बायांचा जुना अनुभव आहे.

ज्यांना चार चरण अवघड वाटतील त्यांनी लहान अभंग घ्यावा. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक, बस्स. एका वर्षी धूळपेरणी करून बसलो होतो, ढग येत होते नि जात होते. मनाला विचारले, आता भरवसा कुणावर? उत्तर असे आले :

पेरिले मी कोरड्यात । बीज दिले अंधारात ॥
आता राखण तू कर । मी बसलो बांधावर ॥

यात देवाचे नाव नाही. घालावे असे एका हरिभक्ताने सुचवले होते. मी घातले नाही. ज्याला सांगायचे त्याला कळले असावे.

आणखी एक. शेवटच्या कडव्यात "तुका म्हणे" लिहू नका. तुकोबांच्या नावावर आधीच नको तेवढे खपले आहे. आपले नाव घाला. लाज वाटली तर ती कशाची वाटते ते पाहा. कदाचित पुढचा अभंग तिथेच असेल. यमकासाठी खोटे मात्र लिहू नये. माफी मागितली नसेल तर "मागितली" म्हणू नये, चाल कितीही छान बसो. अक्षर एखादे कमी पडले तर गाताना ओढून घेता येते.

काही प्रश्न देतो. रोज एकच घ्यावा आणि उत्तर आधी साध्या बोलीत लिहावे. आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याला मी काय बोललो? बाजारात विकलेला बैल मागे वळून पाहतो का, हे पाहायचे मी का टाळले? घरातून गेलेल्या माणसाची कोणती वस्तू अजून खुंटीला आहे, आणि ती काढवत का नाही? देवापुढे हात जोडताना कोणती गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. तो निवांत दिवशी घ्या. पेरणीच्या घाईत नको.