हजऱ्यांचा हिशोब

1987 साली, 'रामायण' चालू असताना, कराडला आमच्या घरी टीव्ही आला. कृष्णधवल, पुढं सरकतं लाकडी दार, वर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. किंमत तीन हजारांच्या घरात. वडील शिक्षक, त्यांचे दोन पगार त्यात गेले. तेवढ्या पैशात तेव्हा तोळाभर सोनं यायचं आणि आईनं ते ताईच्या लग्नासाठी मनात धरलेलं. ती काही बोलली नाही.

पुढच्याच रविवारी खटाव तालुक्यातून मावशी आली. रोजगार हमीवर ती खडी फोडायची. अंगठ्याला चिंधी बांधलेली. टीव्हीच्या काचेला बोट लावून तिनं विचारलं, "दाजी, किती हजऱ्या?" मस्टरवरची एक हजरी म्हणजे तिला सहा-सात रुपये पडत. वडिलांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं: साडेचारशेच्या वर. 1988 मध्ये हमीचे दर दुप्पट झाले, तरी तिच्या घरी टीव्ही यायला बरीच वर्षं गेली.

2025-26 साठी राज्यात हमीची मजुरी 312 रुपये होती. बत्तीस इंची रंगीत टीव्ही दहा हजारांत मिळतो, म्हणजे बत्तीस हजऱ्या. सांगलीकडच्या फडात ऊसतोडीला जानेवारी 2024 च्या वाढीनंतर टनाला 366 रुपये झाले. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, दिवसाला दोन टन तोडले तर पंधरवड्यात टीव्ही. अर्थात आधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायला हवी.

यावरून मजुराचं बरं चाललंय असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. हीच मजुरी सोन्याशी ताडून बघा. तेव्हा तोळ्याला सव्वा वर्षाच्या हजऱ्या लागायच्या; आज तोळा लाखाच्या वर गेलाय आणि वर्षभर राबावं लागतंच. स्वस्त झालं ते यंत्र. अंगठ्याच्या चिंधीचा भाव फारसा हललाच नाही.

परवा मावशीकडं गेलो. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर मालिका चाललेली. नात बारावी झालीय, तिला सांगलीला नर्सिंगला जायचंय. फीचा कागद माझ्या हातात देत मावशीनं विचारलं, "किती हजऱ्या रं?" नातीनं टीव्हीचा आवाज बारीक केला. मी 312 नं भागलं आणि आकडा सांगितला. मावशीनं कागदाची घडी घातली, कनवटीला लावली आणि चुलीकडं वळली.