वारणेची रेषा आणि नाईलचे पूल

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी यादवीला तोंड फुटले, तेव्हा तेथे अडकलेल्या तीन हजारांहून अधिक भारतीयांना सोडविण्याच्या मोहिमेस आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ असे नाव दिले होते. मोहिमेचे नाव नदीचे होते आणि ते युद्धही नद्यांच्याच काठी पेटले होते. निळी व पांढरी नाईल जेथे मिळतात तेथे खार्टूम, उत्तर खार्टूम आणि ओम्दुर्मान ही तीन नगरे वसली आहेत. त्यांना जोडणारे पूल ज्याच्या हाती, राजधानी त्याच्या हाती, हे दोन्ही पक्षांच्या सेनानींनी प्रारंभीच ओळखले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शंबातचा पूल उद्ध्वस्त झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी सैन्य ओम्दुर्मानकडून पूल ओलांडून खार्टूममध्ये शिरले. आणि मार्च २०२५ मध्ये निमलष्करी दलाच्या तुकड्या जबल औलियाच्या धरणावरून माघारी गेल्या.

पुणेकर वाचकास हे चित्र अपरिचित वाटू नये. आमच्या घरच्या यादवीही नदीकाठीच लढल्या गेल्या. ऑक्टोबर १७०७ मध्ये शाहू महाराज आणि ताराबाई यांची सैन्ये भीमेकाठी खेड येथे समोरासमोर आली. तेथे निकाल लागला तो धनाजी जाधव शाहूंना मिळाल्यामुळे. यादवीत नदीच्या उताराइतकीच निष्ठा मोलाची असते, हा त्या दिवसाचा धडा होय. पुढे ही दुही चालूच राहिली. निजामाने कोल्हापूरकर संभाजींचा पक्ष घेऊन तिच्यात हात घातला, आणि अखेर एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन त्या नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला. रक्तपात थांबला, हे त्या तहाचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या पुन्हा कधीही एक झाल्या नाहीत. थकलेल्या सैन्यांनी विसाव्यासाठी धरलेला काठ कायमची सरहद्द बनला.

याउलट १७६२ चे उदाहरण पाहावे. राघोबादादा निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यावर चालून आले. घोडनदीवर आणि पुढे भीमाकाठी आळेगाव येथे लढाई झाली. तेव्हा थोरल्या माधवरावांनी नदी मध्ये ठेवून मुलूख वाटून घेतला नाही. ते स्वतः चुलत्याच्या छावणीत गेले. या नमण्याची किंमत त्यांना मोजावी लागली, कारण काही काळ कारभार दादांच्या हाती गेला आणि घरातील कलहही कायमचा मिटला नाही. तथापि राज्य अखंड राहिले. नऊच महिन्यांनी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवन येथे गोदावरीच्या पुराने निजामाच्या फौजेचे दोन भाग केले आणि एकत्र आलेल्या चुलत्या-पुतण्यांनी अलीकडच्या काठावर राहिलेल्या विठ्ठल सुंदरचा निःपात केला. तेव्हा नदीने शत्रूची फौज दुभंगली. वारणेवर तिने आमचेच घर दुभंगले होते.

सुदानपुढे आज हाच प्रश्न आहे. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-फाशेर निमलष्करी दलाच्या हाती पडले, आणि नाईलचे खोरे एका पक्षाकडे, तर दार्फूर दुसऱ्याकडे, अशी विभागणी स्पष्ट दिसू लागली. जेथे सैन्ये थांबली तेथेच रेषा ओढून मोकळे व्हावे, असा मोह मध्यस्थांना होणे स्वाभाविक आहे. परंतु २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, तरी त्यापासून दोन्ही देशांस शांतता लाभली नाही, हे विसरून चालणार नाही. आमच्या मते, युद्धविराम तातडीने हवा. पण त्याच्या रेषेला सरहद्दीचा मान मिळता कामा नये. खार्टूमचे पूल उद्या पुन्हा बांधता येतील. त्यांवरून दोन्ही बाजूंची माणसे निर्भयपणे ये-जा करू लागतील, तेव्हाच ही यादवी संपली असे म्हणता येईल.