तालुक्याच्या टोकावरचा कारभार

सरकारी कार्यालयासाठी नवी इमारत म्हटली की जागा कोणती, मजले किती आणि निधी कोठून, या तीन प्रश्नांभोवतीच चर्चा फिरते. त्या इमारतीत रोज कोण येणार, किती अंतर तोडून येणार आणि आल्यावर कोठे बसणार, हा चौथा प्रश्न बहुधा उद्‌घाटनानंतर सुचतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या बाबतीत मात्र हा चौथा प्रश्नच पहिला ठरायला हवा.

त्याचे कारण नकाशात आहे. शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या. दोन्ही ठिकाणी नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. म्हणजेच दोन्ही तालुक्यांची मुख्यालये तालुक्याच्या मध्यावर नसून पार टोकाला आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला ब्रिटिशांची छावणी होती. दौंडला रेल्वेने मोठे केले. त्या काळाच्या गरजेतून ही ठिकाणे पुढे आली. आजची वाढ मात्र नेमकी उलट्या दिशेला, पुण्याच्या बाजूला झाली आहे. शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव या पट्ट्यात कारखाने व वस्ती वाढली. दौंड तालुक्यात यवत, केडगाव-चौफुला ही सोलापूर महामार्गालगतची गावे विस्तारली. कोरेगाव भीमाच्या रहिवाशाला पंचायत समितीत जायचे तर सुमारे चाळीस किलोमीटर जावे लागते. यवतच्या माणसाला महामार्ग सोडून आत दौंडकडे वळावे लागते. 2011 च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती. एका दाखल्यासाठी किंवा एका सहीसाठी बुडणारा दिवसाचा रोजगार कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण तो खर्च खराच असतो.

टेबलांची मोजणी पुरेशी नाही

महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची रचना अमलात आली. तेव्हापासून पंचायत समितीकडे शिक्षण, कृषी, पशुसंवर्धन, आरोग्य, पाणीपुरवठा, बालविकास अशी कामे येत गेली. येथील विस्तार अधिकारी आणि अभियंते यांचे निम्मे काम गावोगावी असते. अशा कर्मचाऱ्यांसाठी मंजूर पदांच्या संख्येइतकी टेबले मांडणे म्हणजे जागा अडवून ठेवणे होय. याउलट, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका बैठकीसाठी एकाच दिवशी जमतात, तेव्हा व्हरांडे आणि जिने भरून जातात. कायम टेबले कमी, सामाईक बैठककक्ष अधिक, हे साधे सूत्र येथे लागू पडते.

2011 पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. तरीही महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह, तान्ह्या बाळासह आलेल्या आईसाठी आडोसा, वृद्ध आणि अपंगांसाठी तळमजल्यावरील खिडकी या गोष्टी आराखड्यात शेवटी येतात व निधी आटला की पहिल्यांदा गळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तर त्यांना ऐच्छिक मानण्याची सोयच उरलेली नाही.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे अभिलेख कक्ष. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, सभांची इतिवृत्ते हेच नागरिकाच्या हक्काचे पुरावे असतात. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. दस्तऐवज कोठे व कसे ठेवले जातात, हा प्रश्न तेव्हा साऱ्या राज्यापुढे आला. पुणे महापालिकेच्या नव्या इमारतीला तर जून 2018 मध्ये उद्‌घाटनाच्या दिवशीच गळती लागली. राजधानीत आणि महानगरात हे घडते, तर तालुक्याच्या ठिकाणी छप्पर, वीजवाहिन्या आणि देखभालीचा वार्षिक निधी यांचा विचार दर्शनी भागाच्या आधीच व्हायला हवा.

मुख्यालय तेथेच, सेवा जवळ

मुख्यालये हलविण्याची मागणी व्यवहार्य नाही. त्यातून गावागावांतील वाद तेवढे वाढतील. मात्र सर्व सेवा एकाच छताखाली आणण्याचा आग्रहही येथे तपासून पाहिला पाहिजे. शिक्रापूर किंवा केडगावसारख्या मध्यवर्ती गावात ठरलेल्या वारी पंचायत समितीचे अधिकारी बसले, तर मुख्यालयातील गर्दी आणि लोकांचा प्रवास दोन्ही कमी होतील. त्यासाठी मोठी वास्तू लागत नाही. दोन खोल्या, संगणक, इंटरनेट आणि वेळ पाळण्याची शिस्त पुरे. स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी राज्याने 2018 मध्ये बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आणली. अशा इमारती उभारतानाच या बैठकीच्या खोलीचा विचार केला, तर वेगळा खर्चही फारसा येणार नाही.

आराखडा ठरविण्याची पद्धतही बदलायला हवी. कोणत्या खिडकीवर, कोणत्या गावांतून, कोणत्या कामासाठी किती लोक येतात, याची महिनाभर नोंद ठेवणे अवघड नाही. वास्तुविशारदाच्या हाती पहिला कागद तो जावा. 2022 मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला होता. पन्नास वर्षे टिकणाऱ्या वास्तूचे निर्णय लोकप्रतिनिधींच्या खुल्या चर्चेविना होऊ नयेत, हा त्या काळाचा धडा आहे. कोनशिलेवर नावे कोणाची कोरायची, हे नंतर ठरवता येईल. यवतच्या शेतकऱ्याचा आणि सणसवाडीच्या कामगाराचा किती वेळ वाचणार, याचे उत्तर मात्र पहिली वीट रचण्यापूर्वीच मिळाले पाहिजे.