प्रात्यक्षिके पुरे, फेऱ्या सुरू करा

ड्रोनने औषधे पोहोचवण्याची प्रात्यक्षिके आता पुरे झाली. दुर्गम भागांत त्याच्या नियमित फेऱ्या सुरू व्हायला हव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकटक सरोवरातील करांग बेटावर लस पाव तासात पोहोचली. रस्ता आणि होडी धरून हाच प्रवास तीन-चार तासांचा. पाठोपाठ डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ३०० मात्रा हवेतून गेल्या. छायाचित्रे छापून आली, टाळ्याही वाजल्या.

मात्र नियमित फेऱ्या सुरू करताना धोका वेगळाच आहे. ड्रोन आला म्हणून रस्ता-पुलांच्या फायली मागे पडतील. सर्पदंशावरचे प्रतिविष उडत जाईल; पण बाळंतपणात अडलेली बाई झोळीतूनच नाला ओलांडेल. काही किलोंचे ओझे वाहणारे यंत्र तिला उचलू शकत नाही. शिवाय उतरलेली लस दोन ते आठ अंशांत ठेवायला वीज, शीतपेटी आणि हजर परिचारिका लागते. आरोग्य केंद्रालाच कुलूप असेल तर हवेतल्या घाईचा उपयोग काय?

राज्य सरकारने पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आरोग्य केंद्रांची यादी जाहीर करावी, तिथल्या ड्रोनफेऱ्यांचा खर्च आरोग्य विभागाच्या नियमित अंदाजपत्रकात धरावा आणि त्या केंद्रांतील रिक्त पदे आधी भरावीत. त्यासाठी रस्त्यांच्या निधीला एका रुपयाचीही कात्री लागता कामा नये.