एक्स-मेन ९७: जेनोशाचा भाग अंगावर येतो, पण 'स्पर्शा'चं गणित कुठे चुकतं?

'एक्स-मेन ९७'चा दुसरा सीझन २०२६च्या उन्हाळ्यात आणणार असं मार्व्हलने जाहीर केलंय. हा उन्हाळा अमेरिकेतला. म्हणजे आपल्याकडे तोवर पंचगंगेचं पाणी चढायला लागलेलं असेल. पहिला सीझन जिओहॉटस्टारवर आहे, दहा भागांचा आहे आणि प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. एका रविवारात संपतो.

प्रश्न असा आहे, की लोक म्हणतात तेवढी ही सिरीज भारी आहे का? आमचं उत्तर थोडक्यात: काही भाग खरंच तेवढे भारी आहेत. पण सिरीजचा जो मूळ मुद्दा आहे, भेदभावाचा, तिथेच एक मोठी गडबड आहे आणि ती कोल्हापुरात बसून बघताना जास्तच जाणवते. (पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्यात. सिरीज बघायची असेल तर आधी बघून या.)

ही भानगड नेमकी काय आहे?

एक्स-मेन ही स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये कॉमिक्समध्ये आणलेली टीम. यांच्यातले सगळे 'म्युटंट'. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'उत्परिवर्तन' हा शब्द वाचला असेल, तोच इथे आहे. जनुकांमध्ये बदल झाला आणि त्यामुळे जन्मतःच कुणाच्या डोळ्यांतून किरण निघतात, कुणी वादळं आणतं, कुणी दुसऱ्याच्या मनातलं ओळखतं. बाकीच्या माणसांना यांची भीती वाटते आणि त्या भीतीतून द्वेष.

१९९२ ते १९९७ या काळात यावर अमेरिकेत ७६ भागांची कार्टून सिरीज आली. 'एक्स-मेन ९७' तिथूनच गोष्ट पुढे नेते. पहिले दोन भाग २० मार्च २०२४ ला आले. टीमचे संस्थापक प्रोफेसर झेवियर गेलेत असं सगळे समजतायत आणि त्यांनी मृत्युपत्रात शाळा कुणाच्या नावावर केलीय? तर मॅग्नेटोच्या. जो आयुष्यभर टीमचा शत्रू होता, त्याच्या. म्हणजे गावातल्या तालमीचे वस्ताद गेले आणि वारसदार म्हणून समोरच्या तालमीचा पैलवान नेमला, असा प्रकार.

हा मॅग्नेटो साधा खलनायक नाही. लहानपणी तो नाझींच्या छळछावणीतून वाचलेला ज्यू आहे. कॉमिक्समध्ये त्याचा हा भूतकाळ लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी आणला आणि तेव्हापासून 'हा माणूस चुकीचा आहे' असं म्हणणं अवघड झालं.

जमलंय कुठे?

सगळ्यात आधी मारामारी, कारण अशा सिरीजमध्ये ती फसली तर बाकी चर्चाच नको. दक्षिण कोरियाच्या स्टुडिओ मिरने ॲनिमेशनचं काम केलंय. पहिल्याच भागात सायक्लॉप्स विमानातून पडतो आणि डोळ्यांतले किरण जमिनीवर मारून स्वतःचा वेग कमी करतो. गॅम्बिट वस्तूंमध्ये ऊर्जा भरतो, तर तो ती वुल्व्हरिनच्या नखांमध्ये भरतो. एकाची ताकद दुसऱ्याच्या कामी येते. 'टीम' या शब्दाला इथे अर्थ आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडच्या कार्टूनमध्ये हेच दिसत नाही. २००८ पासून 'छोटा भीम' चालू आहे. त्याच्याभोवती चुटकी, राजू, जग्गू सगळे आहेत, पण शेवटी लाडू खाऊन सगळं भीमच करणार. २०१८ ला 'लिटल सिंघम' आला. तो करणाऱ्या रिलायन्स ॲनिमेशनचा स्टुडिओ आपल्या पुण्यातला. मूळ सिनेमातला बाजीराव सिंघम मराठी. पण तिथेही एकच हिरो आणि बाकीचे टाळ्या वाजवणारे. मुलांना ते आवडतं आणि आवडावं, त्यात वाईट काही नाही. फक्त पाच जणांनी मिळून एखादी गोष्ट सोडवायची, त्यात भांडायचं, एकमेकांवर रुसायचं आणि तरी एकत्र राहायचं, अशी गोष्ट आपल्या ॲनिमेशनने अजून नीट सांगितलेली नाही. एवढे गणेश मंडळांचे कार्यकर्ते असलेल्या राज्यात खरं तर हा विषय घरचा होता.

आता पाचवा भाग. 'रिमेम्बर इट'. १० एप्रिल २०२४ ला आला आणि त्या दिवसापासून या सिरीजची चर्चाच बदलली. एमी पुरस्कारांमध्ये सिरीजला नामांकनही मिळालं.

जेनोशा हे बेट. एकेकाळी तिथे म्युटंट गुलाम होते, आता ते त्यांचं स्वतःचं राष्ट्र झालंय. संयुक्त राष्ट्रसंघ त्याला मान्यता देणार म्हणून समारंभ ठेवलाय. लोक नाचतायत. ज्यांनी आयुष्यभर तोंड लपवलं ते रस्त्यावर मोकळे फिरतायत. अर्धा भाग निव्वळ हा आनंद दाखवण्यात जातो. आणि मग आकाशातून तीन डोक्यांचं राक्षसी यंत्र येतं, सेंटिनल, आणि काही मिनिटांत सगळं बेचिराख.

यात गॅम्बिट मरतो. यंत्राने त्याला आरपार भोसकलंय आणि तो त्याच यंत्रात ऊर्जा भरून ते उडवतो. सुपरहिरोच्या कार्टूनमध्ये मरण म्हणजे पुढच्या भागापर्यंतची सुट्टी असते, हे आपल्याला माहीत असतं. तरीही हा भाग पचत नाही, कारण कॅमेरा हिरोंच्या विजयाकडे वळतच नाही. तो राखेत बसलेल्या माणसांवर थांबतो.

त्यानंतर आठव्या भागात व्हॅल कूपर ही सरकारी अधिकारी एक गोष्ट बोलून दाखवते. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की जेनोशात सगळ्यात भीतीदायक काय होतं, तर मृत्यू नव्हे, एक विचार: मॅग्नेटो बरोबर होता. ज्यांनी 'जरा धीर धरा, जग बदलेल' असं सांगितलं ते चुकले. सिरीज या प्रश्नाला घाईने उत्तर देत नाही, हे तिचं सगळ्यात मोठं बळ.

छोट्या प्रसंगांतही ही समज दिसते. रोबर्टो नावाचा श्रीमंत घरातला मुलगा आईला सांगतो, मी म्युटंट आहे. आई म्हणते, मला माहीत होतं, माझं प्रेम आहेच, पण कंपनीच्या भागधारकांना चालणार नाही. शिव्या नाहीत, मारझोड नाही. आपल्याकडे भागधारकांच्या जागी 'नातेवाईक' टाका, प्रसंग जसाच्या तसा चालेल.

आता फसलंय ते

घाई. कॉमिक्समध्ये वर्षानुवर्षं चाललेली मॅडलिन प्रायरची गोष्ट तिसऱ्या एकाच भागात उरकली. आपण जिला जीन समजत होतो ती जीनची क्लोन निघते, मग खलनायिका होते, मग तिचं बाळ भविष्यात पाठवावं लागतं. पाणी प्यायला उठलात तर तीन धक्के हुकतील. पुढच्याच भागात ज्युबिली वाढदिवसाच्या दिवशी व्हिडिओ गेममध्ये अडकते. मजेशीर आहे, पण जेनोशाच्या आधी अर्धा भाग त्यावर घालवायची गरज होती का? नवीन प्रेक्षकाचं तर हालच आहेत. जुनी सिरीज न बघता बसलात तर झेवियर अंतराळातल्या साम्राज्यात काय करतायत हे कळायला विकिपीडिया उघडावा लागेल.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. जेनोशा उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या साध्या लोकांचं काय झालं? जे वाचले ते कुठे गेले? सिरीजला ते सांगायला वेळ नाही. शेवटचे तीन भाग लघुग्रह, चुंबकीय वादळ आणि काळाच्या उड्यांमध्ये जातात. हत्याकांड सगळ्यांचं, शोक फक्त टीमचा.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मूळ गडबड वेगळी आहे.

रोगचा हात आणि गंगाराम कांबळेंचा चहा

टीममध्ये रोग नावाची एक मुलगी आहे. (मराठीत लिहिलं की नावाचा अर्थच बदलतो, पण तो निव्वळ योगायोग.) तिने उघड्या हाताने कुणाला स्पर्श केला, तर समोरच्याची शक्ती आणि जीव ओढला जातो. म्हणून ती कायम हातमोजे घालते. गॅम्बिटवर तिचं प्रेम, पण त्याला शिवता येत नाही. मॅग्नेटोला मात्र शिवता येतं, त्यावरून तिघांमध्ये ताण. जेनोशाच्या शेवटी ती मेलेल्या गॅम्बिटला हात लावते, तर तिच्या हाताला काहीच जाणवत नाही. प्रसंग म्हणून अप्रतिम.

आता कोल्हापूरकडे या. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना मराठ्यांच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली. पुढे महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चारचौघांत चहा प्यायला सुरुवात केली. महाराज पितायत म्हटल्यावर सोबतच्यांनाही प्यावा लागला. इथल्या बहुतेकांनी ही गोष्ट शाळेत ऐकलीय.

त्या चहाने काय सिद्ध झालं? कुणालाही काहीही झालं नाही. गंगाराम कांबळेंच्या हाताने पाणी बाटलं नव्हतं, चहा बाटला नाही. स्पर्शात धोका आहे ही गोष्टच बनवलेली होती.

एक्स-मेनच्या जगात मात्र स्पर्शात खरोखर धोका आहे. रोग माणूस मारू शकते. मॅग्नेटो रागावला तर सगळ्या पृथ्वीची वीज घालवतो, आणि सिरीजमध्ये तो ते करतो. म्हणजे त्या जगातला साधा माणूस म्हणाला की 'मला यांची भीती वाटते', तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं ठरत नाही. जातीच्या, वंशाच्या, धर्माच्या नावाने होणाऱ्या भेदभावाला हे रूपक लावायला गेलं की नकळत द्वेष करणाऱ्याच्या हातात एक कारण दिलं जातं. हा दोष या सिरीजचा एकटीचा नाही, १९६३ पासूनचा आहे. पण इतक्या शहाण्या सिरीजने त्याला हातही लावला नाही, याचं वाईट वाटतं.

दुसराही एक फरक. झेवियरचं स्वप्न हे कायम स्वप्नच राहतं: एक दिवस लोक समजून घेतील. शाहू महाराज लोकांनी समजून घेण्याची वाट बघत बसले नाहीत. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानातल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवण्याचा आदेश काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांना पाठिंबा दिला. समजूत घालणं आणि सूड घेणं यांच्यामध्ये कायदा, नोकरी, शाळा, संघटना असा मोठा प्रदेश असतो. एक्स-मेनमध्ये तो जवळपास रिकामा आहे. एक बाजूला झेवियर, दुसऱ्या बाजूला मॅग्नेटो, मध्ये मारामारी.

आणि ते शेजारी?

शेवटच्या भागांमधली कल्पना भन्नाट आहे. खलनायक बॅस्टियन नवीन सेंटिनल तयार करतो, आणि ते असतात साधी माणसं. रस्त्यात भेटणारी, शेजारी राहणारी. एक इशारा झाला की त्यांच्यातलं यंत्र जागं होतं आणि ती म्युटंटवर तुटून पडतात.

७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांना बळाचा वापर करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तो दिवस आठवत असेल तर हे दृश्य बघताना पोटात गोळा येतो.

पण नीट विचार केला तर सिरीज इथे माणसांना सोडून देते. त्यांच्या अंगात यंत्र होतं, रिमोट दुसऱ्याकडे होता, त्यांचा दोष काय? खऱ्या आयुष्यात फॉरवर्डचं बटण आपण आपल्याच बोटाने दाबतो. बॅस्टियनशिवायही द्वेष चालतो, हे सिरीजला रोबर्टोच्या आईच्या प्रसंगात कळलेलं होतं. मोठ्या शेवटाच्या नादात ती ते विसरली.

मग बघायची का?

बघाच. वेळ कमी असेल तर पहिला, दुसरा, पाचवा आणि आठवा भाग एवढे बघितले तरी चालेल. तिसरा वगळलात तर मॅडलिन कोण हे नंतर कळणार नाही, तेवढं सांभाळून घ्या. लहान मुलांसोबत बसणार असाल तर पाचवा भाग आधी स्वतः बघा.

दुसऱ्या सीझनकडून अपेक्षा ठेवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. पहिल्या सीझनचे मुख्य लेखक बो डिमायो यांना मार्व्हलने प्रदर्शनाच्या काही दिवस आधीच दूर केलं होतं. दुसऱ्या सीझनवर त्यांनी काम केलं होतं, तिसऱ्यासाठी मात्र मॅथ्यू चॉन्सी यांना आणलंय. पहिल्या सीझनच्या शेवटी टीम काळात विखुरली आहे. काही जण प्राचीन इजिप्तमध्ये, सायक्लॉप्स आणि जीन दूरच्या भविष्यात. आणि जेनोशाच्या राखेत अपोकॅलिप्सच्या हातात गॅम्बिटचा पत्ता आलाय.